डोंगरमाथ्यावरचा निरोप्या

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिम भागात ब्लॅक माउंटन्स नावाची डोंगररांग आहे. तिच्यातलं माउंट मिचेल २,०३७ मीटर उंच. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला याहून उंच शिखर नाही. शेजारच्या क्लिंगमन्स पीकवर हौशी रेडिओवाल्यांचा, म्हणजे हॅम मंडळींचा, रिपीटर आहे. ज्यांच्या नावांनी ही शिखरं ओळखली जातात, ते मिचेल आणि क्लिंगमन सर्वांत उंच शिखर कोणी मोजलं यावरून भांडले. रिपीटरला मात्र नुसती उंची हवी होती.

हातातल्या वॉकीटॉकीची ताकद जेमतेम पाच वॅट. तिच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे एका दरीतलं बोलणं पलीकडच्या दरीत पोहोचत नाही. रिपीटर ते १४४.५९० मेगाहर्ट्झवर ऐकतो आणि त्याच क्षणी १४५.१९० वर जास्त ताकदीने सोडतो. कानाशी स्वतःचाच ट्रान्समीटर गरजत असताना दूरचा क्षीण आवाज टिपायचा, हे सोपं नाही. अशा ठिकाणी डुप्लेक्सर लागतो: उभ्या ठेवलेल्या धातूच्या पोकळ नळकांड्यांची रांग, प्रत्येकीच्या माथ्यावर एक दांडा. दांडा केसभर आत-बाहेर सरकवत नको ती वारंवारता गाळायची. ऐकायच्या आणि सोडायच्या वारंवारतांत अंतर अवघं ६०० किलोहर्ट्झ. थंडी-उन्हाने धातू आकसला-फुगला तर जुळवणी बिघडते, म्हणून दांड्यासाठी बहुधा इन्व्हार वापरतात. तापमानाने हा मिश्रधातू फारसा हलत नाही. एरवी कोणी पाहत नाही असं हे काम, पण मला रिपीटरची खरी कारागिरी यातच दिसते.

२७ सप्टेंबर २०२४ ला हेलीन वादळाने हा सगळा प्रदेश झोडपला. माउंट मिचेलवर चोवीस इंचांहून जास्त पाऊस पडला. जवळच्या ॲशव्हिल शहरात वीज, पाणी, मोबाइल सगळं गेलं, रस्ते वाहून गेले. रिपीटर चालू राहिला. कुठला रस्ता मोकळा आहे, औषध कुठे मिळेल, अमक्या वस्तीतली आजी सुखरूप आहे का, असे निरोप एकामागून एक येत होते. निरोप जुळवणारा एकेकाला बोलायची पाळी देई, बाकीचे थांबत. त्या वस्तीजवळचा कुणी हॅम चिखल तुडवत दारापर्यंत जाई आणि उत्तर त्याच डोंगरावरून परत येई. हॅमचा परवाना नसलेल्यांनाही जिवावर बेतलं असेल तर बोलायची मुभा तिथला कायदा देतो.

या सेवेला कुणी पैसे मोजत नाही. कायद्यानुसार हॅमना मोबदला घेताच येत नाही.