आधीच्या भाडेकरूचं टपाल आपल्या दारात



आपल्या भूममध्ये भाड्याच्या खोल्यांतली माणसं सारखी बदलत असतात. कुणी लेकरांच्या शाळेसाठी खेड्यातून दोन-चार वर्षं येतं, कुणाची बदली होते, कुणी कामासाठी पुण्याला जातं. भूम, परंडा, वाशी या भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात, ती उन्हाळा लागल्यावरच परततात. माणूस हलतो, पण बँकेच्या आणि कचेरीच्या दप्तरात पत्ता जुनाच राहतो. मग टपाल आपल्या दारात येतं आणि त्यावर नाव असतं आधीच्या भाडेकरूचं.

अशा टपालाचं आपण काय करतो? ‘येतील कधीतरी न्यायला’ म्हणून फळीवर ठेवून देतो. नाहीतर पोस्टमनला उंबऱ्यातूनच सांगतो, “आम्ही घेत नाही.” मनात काही वाईट नसतं. तरी एवढ्यानं दुसऱ्या बाईचं मोठं नुकसान होऊ शकतं.

‘घेत नाही’ म्हणू नका, ‘राहत नाहीत’ म्हणा

सही घेऊन दिलं जाणारं टपाल महत्त्वाचं असतं. पूर्वी त्याला आपण रजिस्टर म्हणायचो, २०२५ पासून ते स्पीड पोस्टमध्येच सामील झालं आहे. असं टपाल परत जातं, तेव्हा पोस्टमन त्यावर कारणाचा शेरा लिहितो. ‘घेण्यास नकार’ हा एक शेरा आणि ‘पत्ता सोडून गेले’ हा दुसरा. आपल्याला दोन्ही सारखेच वाटतात, पण कोर्टात त्यांचा अर्थ फार वेगळा होतो.

समजा, तुमच्या खोलीत आधी राहणाऱ्या बाईनं दिलेला चेक वटला नाही. समोरचा माणूस तिला नोटीस पाठवतो. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत तिनं पैसे भरले, तर त्या चेकचा खटला तिच्यावर होत नाही. आता ती नोटीस तुमच्या दारात आली आणि ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन परत गेली, तर नोटीस पोहोचली असं कोर्ट धरू शकतं. तिला बिचारीला काहीच कळलेलं नसतं आणि तिकडे दिवस मोजले जातात. पुढं ‘मला नोटीस मिळालीच नाही’ हे सिद्ध करायला तिला कोर्टाच्या चकरा माराव्या लागतात.

तिच्या नावानं सही करून टपाल ठेवून घेणं तर त्याहून वाईट. पोचपावतीवर सही दिसली की टपाल मिळालं असाच अर्थ निघतो. म्हणून पोस्टमनदादांना स्पष्ट सांगा, “त्या इथं राहत नाहीत, खोली सोडून गेल्या. तसा शेरा लिहा.”

पाकीट उघडू नका, दाबून ठेवू नका

साधं टपाल दारात टाकून जातात, तेव्हा सांगायला समोर कुणी नसतं. ते पाकीट न फोडता त्यावर मोकळ्या जागेत लिहा, ‘या पत्त्यावर राहत नाहीत’. खाली तारीख टाका. मूळ नाव आणि पाठवणाऱ्याचा पत्ता खोडू नका. मग ते पोस्टमनकडे किंवा पोस्टात द्या. यासाठी तिकीट लावावं लागत नाही, मात्र उशीर करू नका.

‘आत काय आहे ते बघून तिला कळवू’ असा मोह होतो. पण उघडायचा हक्क आपल्याला नाही. ज्या पत्राचा घेणाराही सापडत नाही आणि पाठवणाराही कळत नाही, त्यासाठी टपाल खात्याचं वेगळं कार्यालय असतं. तिथं नेमलेले लोकच ते पाकीट उघडून पत्ता शोधतात. पाकिटात एटीएम कार्ड, पॅन कार्ड, आधारचा कागदही असू शकतो. त्याचा फोटो काढून व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर ‘कुणाचं आहे’ म्हणून टाकू नका.

कुरिअर आलं तर घेऊच नका. पैसे देऊन सोडवायचं पार्सल असेल तर पैसे देऊ नका आणि कुणी ओटीपी मागितला तर सांगू नका.

नवा पत्ता देण्याआधी तिला विचारा

आधीच्या बाईचा फोन नंबर असेल तर एक फोन करा. पण तिचा नवा पत्ता पाकिटावर लिहिण्याआधी किंवा दारात आलेल्या माणसाला सांगण्याआधी तिची परवानगी घ्या. एखादी मारहाणीला कंटाळून घर सोडून गेलेली असते. आपण भोळेपणानं दिलेला पत्ता तिच्या जिवावर बेतू शकतो.

कर्जवसुलीवाले आले तरी घाबरू नका. आधीच्या भाडेकरूचं कर्ज खोलीवर चढत नाही आणि तुमच्यावरही नाही. ‘त्या इथं राहत नाहीत’ एवढंच सांगा. कोणत्याही कागदावर सही करू नका.

लाइट बिल आणि घरपट्टी वेगळी

एक अपवाद लक्षात ठेवा. घर विकत घेतलं असेल आणि लाइट बिल किंवा घरपट्टी जुन्या मालकाच्या नावानं येत असेल, तर ते परत पाठवू नका. ही देणी घराशी बांधलेली असतात, न भरल्यास त्रास आपल्यालाच. घर घेतानाच थकबाकी तपासा. महावितरणकडे नावबदलाचा अर्ज करा. घराच्या नोंदीसाठी शहरात नगर परिषदेत आणि गावात ग्रामपंचायतीत अर्ज द्या. गावात घराची नोंद नमुना ८ मध्ये असते.

आपण हललो तर

आपलंही टपाल कुणाच्या तरी दारात पडू शकतं. खोली सोडताना बँक, आधार, गॅस, विमा आणि मतदार यादी, या सगळीकडं पत्ता बदला. जुन्या पोस्टात लेखी अर्ज दिला की ठरावीक मुदतीपर्यंत टपाल नव्या पत्त्यावर पाठवतात. पत्त्यात पिनकोड नक्की लिहा. आपल्या भूमचा ४१३५०४. ही पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती बसवणारे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर मराठीच होते. जुन्या कागदांवर जिल्हा उस्मानाबाद असेल, नव्यावर धाराशिव, पिन मात्र तोच आहे.

मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर फळीवर, फ्रीजवर, देव्हाऱ्यामागं एकदा हात फिरवा. दुसऱ्याच्या नावाचं पाकीट सापडलं तर उद्याच पोस्टात द्या. आणि बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय नक्की काढा, कारण ‘घेत नाही’ म्हणणाऱ्या आपल्यात पुष्कळ जणी आहेत.