शून्याची नोंद : विश्वकिरण आणि विषाणू यांच्या मागावर

स्वातंत्र्योत्तर भारतीय विज्ञानाचा आढावा घेताना अणुभट्ट्या आणि अग्निबाण यांनाच अग्रस्थान देण्याची प्रथा पडल्यामुळे, विश्वकिरण आणि मानवी विषाणू या दोन क्षेत्रांत तुटपुंज्या साधनांनिशी झालेले जागतिक दर्जाचे काम बहुधा चार ओळींत उरकले जाते. वरवर पाहता या दोन क्षेत्रांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. पण दोन्हींत शोधायची वस्तू डोळ्यांना दिसत नाही, ती केव्हा येईल हे सांगता येत नाही, आणि जेव्हा ती येत नाही तेव्हा त्या न येण्याचीही तितक्याच काटेकोरपणे नोंद ठेवावी लागते. या रिकाम्या नोंदींनाच दोन्ही शास्त्रांत खरे मोल आहे, आणि आज नेमक्या त्याच नोंदी ठेवण्याची इच्छाशक्ती ओसरत चालली आहे.

विश्वकिरणांच्या प्रारंभीच्या इतिहासात फार रेंगाळण्याचे कारण नाही. व्हिक्टर हेस यांनी १९१२ मध्ये बलूनमधून पाच किलोमीटरहून अधिक उंची गाठून हे प्रारण आकाशातून येते हे दाखवले. होमी भाभा आणि वाल्टर हाइटलर यांनी १९३७ मध्ये, एका ऊर्जावान कणापासून वातावरणात कणांची सर कशी कोसळते याचे गणित मांडले. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन होऊन मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात तिचे बिऱ्हाड थाटले गेले. या घाईच्या उल्लेखातही बिभा चौधुरी यांचे नाव वगळणे अन्यायाचे ठरेल. देबेंद्रमोहन बोस यांच्यासह त्यांनी दार्जिलिंग आणि संदकफू येथील उंचीवर छायाचित्रण-काचा ठेवून, इलेक्ट्रॉनहून जड आणि प्रोटॉनहून हलक्या कणांचे माग टिपले. युद्धकाळात चांगल्या प्रतीच्या काचा मिळाल्या नाहीत म्हणून ते काम खुंटले आणि त्याच पद्धतीच्या पुढच्या टप्प्यासाठी १९५० चे नोबेल पारितोषिक इंग्लंडमधील सेसिल पॉवेल यांना मिळाले.

या संशोधनाचे खरे वैभव मात्र उंचीवर नसून पाताळात, कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत होते. विश्वकिरणांतील प्रोटॉन हवेतील अणुकेंद्रांवर आदळले की पायॉन हे अल्पायुषी कण निर्माण होतात, आणि त्यांच्या क्षयातून म्युऑन आणि न्यूट्रिनो जन्मतात. म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा सुमारे दोनशेपट जड भाऊ. समुद्रसपाटीला तळहातातून दर सेकंदाला साधारण एक म्युऑन आरपार जातो, आणि जमिनीत जसजसे खोल जावे तसतसा खडक त्यांना शोषून घेतो. बी. व्ही. श्रीकंठन यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी कोलारमध्ये निरनिराळ्या पातळ्यांवर गायगर गणित्रे नेऊन हे घटते प्रमाण मोजायला सुरुवात केली. सोने काढणाऱ्या कामगारांच्याच पाळण्यातून उपकरणे उतरवायची, उष्ण आणि दमट बोगद्यांत विजेची जोडणी सांभाळायची आणि आठवडेच्या आठवडे मोजत राहायचे, असे या कामाचे स्वरूप होते. १९६० च्या सुमारास मियाके, नरसिंहम् आणि रमण मूर्ती यांनी उपकरण २,७०० मीटरहूनही खाली नेले, आणि तेथे सुमारे दोन महिन्यांच्या मोजणीत एकही म्युऑन आला नाही.

एखाद्या सामान्य परीक्षकाने ही मोजणी फसली असा शेरा मारला असता. प्रत्यक्षात त्या शून्यानेच पुढचे दार उघडले. वरून येणारा म्युऑन इतक्या खोल पोचू शकत नसेल, तर तेथे आडव्या दिशेने किंवा खालून आलेला म्युऑन हा आसपासच्या खडकात न्यूट्रिनोनेच निर्माण केलेला असला पाहिजे. कारण न्यूट्रिनो हा एकच ज्ञात कण संपूर्ण पृथ्वी सहज भेदून येतो. या तर्कावर एम. जी. के. मेनन यांच्या पुढाकाराने मुंबईची संस्था, जपानमधील ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडमधील डरॅम विद्यापीठ यांनी मिळून २.३ किलोमीटर खोलीवर उपकरणे उभारली. कण गेल्यावर क्षणभर चमकणाऱ्या प्लास्टिकच्या उभ्या भिंती आणि त्यांच्या जोडीला निऑन भरलेल्या काचनळ्या अशी त्यांची रचना होती; भिंती वेळ सांगत आणि नळ्या दिशा दाखवत. १९६५ मध्ये वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची चाहूल येथे लागली.

या शोधाला उपविजेत्याचे स्थान देणारा एक पंथ आजही आहे. फ्रेडरिक राइन्स यांच्या चमूला दक्षिण आफ्रिकेतील खाणीत पहिली घटना त्याच वर्षी फेब्रुवारीत दिसली, हे मान्यच केले पाहिजे. परंतु कोलारचा निबंध नियतकालिकाकडे आधी पोचला आणि ऑगस्ट १९६५ मध्ये दोन आठवडे आधी छापलाही गेला, ही बाब हे टीकाकार सोयीस्करपणे वगळतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्या खोलीवर पार्श्वभूमी जवळजवळ शून्य आहे याचा कोलारच्या चमूने वर्षानुवर्षे गोळा केलेला पुरावा जगात दुसऱ्या कोणापाशी नव्हता. पुढे १९८० मध्ये त्याच खाणीत १४० टन वजनाचे लोखंडी उपकरण प्रोटॉनच्या क्षयाच्या शोधासाठी उभे राहिले. त्यात दिसलेल्या काही संशयित घटनांना नंतरच्या मोठ्या उपकरणांनी दुजोरा दिला नाही, तरी या प्रश्नावर आरंभी उतरलेल्या मोजक्या प्रयोगांत कोलार होते. त्याच प्रश्नासाठी जपानने कामिओका येथे हजारो टन पाण्याची टाकी बांधली, पुढे तिच्याहून कितीतरी मोठी दुसरी बांधली, आणि वातावरणीय न्यूट्रिनो वाटेत आपले रूप बदलतात हे १९९८ मध्ये सिद्ध केले. कोलारची प्रयोगशाळा तोवर मिटली होती, २००१ मध्ये खाणही बंद पडली आणि खोल पातळ्या पाण्याखाली गेल्या.

कोलारचा वारसा काही अंशी उटीत जगला. तेथे २,२०० मीटर उंचीवरील ग्रेप्स-३ या प्रयोगात सुमारे चारशे चमकपट्ट आणि ५६० चौरस मीटरचा म्युऑन-शोधक आहे. या शोधकातील ३,७१२ गणित्रे चौकोनी लोखंडी नळ्यांतून तयार केलेली असून, काँक्रीटच्या जाड थराखालून ती अहोरात्र मोजत असतात. १ डिसेंबर २०१४ रोजी एका वादळी ढगाखाली म्युऑनांची संख्या घटली आणि त्या घटीवरून ढगातील विद्युत्‌दाब सुमारे १.३ अब्ज व्होल्ट असल्याचे गणित मांडता आले. असे दाब असू शकतात ही सी. टी. आर. विल्सन यांची जवळपास नव्वद वर्षांपूर्वीची अटकळ होती. ढग नसलेल्या असंख्य दिवसांची अखंड मोजणी हाताशी होती, म्हणूनच त्या काही मिनिटांची घट ओळखू आली.

हैदराबादचे बलून-केंद्र हा या इतिहासातील स्वतंत्र अध्याय आहे. भूचुंबकीय विषुववृत्ताजवळ कमी ऊर्जेचे विश्वकिरण पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राने थोपवले जात असल्यामुळे तेथील निरीक्षणे अधिक स्वच्छ असतात. याच केंद्रातून २००१ आणि २००५ मध्ये जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने निर्जंतुक नळकांडी ४१ किलोमीटरपर्यंत पाठवून हवेचे नमुने आणले गेले, आणि दुसऱ्या उड्डाणातून जीवाणूंच्या तीन नव्या जाती हाती आल्या. हा प्रयोग काळजीपूर्वक केलेला होता आणि त्याचे निष्कर्षही संयत होते. त्याच्या आडोशाने साथीचे विषाणू अवकाशातून येतात, किंवा सौरडागांच्या आणि विश्वकिरणांच्या चढउतारांबरोबर साथी उद्‌भवतात, असे सांगणाऱ्यांचा मात्र स्पष्ट प्रतिवाद करणे आवश्यक आहे. १९५७ आणि १९६८ च्या इन्फ्लुएन्झा-साथी सौरक्रियेच्या उच्चांकाच्या सुमारास आल्या, तर २००९ ची इन्फ्लुएन्झा-साथ आणि २०२० ची करोना-साथ नीचांकाच्या सुमारास. निवडक वर्षे वेचून कोणताही आलेख जुळवता येतो.

विषाणूंचा माग काढण्यासाठी आकाशाकडे पाहण्याची गरज नाही. रानात आणि गटारात पाहावे लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी १९५२ मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू केले. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, पाठोपाठ माणसे तापाने फणफणली, आणि हा पीतज्वर तर नव्हे अशी धास्ती पसरली. पुण्याच्या पथकाने मेलेल्या माकडांपासून आणि गोचिडींपासून विषाणू वेगळा करून तो रशियातील गोचीडजन्य मेंदूज्वराच्या कुळातला असल्याचे दाखवले. पश्चिम घाटातून पसरत हाच माकडताप २०१५ च्या सुमारास गोव्यातील सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात काजूबागायतदारांच्या दारात पोचला.

याच संस्थेत के. आर. पी. सिंग यांनी १९६७ मध्ये डासाच्या अळ्यांपासून प्रयोगशाळेत अनंतकाळ वाढत राहणाऱ्या पेशी तयार केल्या. डेंगी आणि चिकुनगुन्या यांचे विषाणू वाढवण्यासाठी जगभर वापरली जाणारी सी ६/३६ ही पेशीशाखा जपानमध्ये १९७८ मध्ये याच पुणेरी पेशींपासून निवडली गेली. ही गोष्ट पुण्यातही फारशी कुणाला ठाऊक नाही. नागपूरजवळच्या चांदीपुरा येथे १९६५ मध्ये तापाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलेला विषाणू तर जवळपास चार दशके शास्त्रीय कुतूहलापुरताच उरला होता. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मेंदूज्वराने १८३ मुले दगावली तेव्हा रुग्णांतील विषाणूची ओळख पटवण्यासाठी तो जपून ठेवलेला नमुनाच कामी आला. दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली, त्या वेळी गोठवून ठेवलेले रक्तजल १९८० मध्ये नव्या चाचण्यांनी तपासल्यावर ती कावीळ ‘अ’ प्रकारची नव्हतीच हे उघड झाले, आणि पुढे ‘ई’ विषाणू ओळखला गेला.

विषाणूच्या जनुकांचा क्रम काही तासांत वाचता येत असताना जंगलात गोचिडी गोळा करण्याची आणि जुने रक्तजल सांभाळण्याची गरज काय, असा प्रश्न हल्ली काही विद्वान विचारतात. जनुकक्रम विषाणूचे कूळ सांगतो. तो कोणत्या रानातल्या कोणत्या उंदरावर आणि कोणत्या गोचिडीत पावसाळा काढतो, हे सांगत नाही. मुंबईत २००१ पासून सांडपाण्याचे नमुने नियमितपणे तपासले गेले, म्हणून बाहेरून येणारा पोलिओ-विषाणू रुग्ण आढळण्याआधीच कळू लागला. नोव्हेंबर २०१० नंतर तेथील सांडपाण्यात रानटी पोलिओ-विषाणू सापडला नाही, जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात देशातील अखेरचा रुग्ण आढळला, आणि २०१४ चे पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र अशा शेकडो रिकाम्या नमुन्यांवर उभे राहिले.

अनुदान समित्या आज तीन वर्षांच्या प्रकल्पाच्या अखेरीस शोधांची यादी मागतात, आणि ज्या केंद्राच्या वहीत सलग तीन वर्षे ‘काही आढळले नाही’ असे लिहिलेले असते त्याचे मनुष्यबळ पहिल्यांदा कापले जाते. कीटकांची ओळख पटवणारे जुने जाणते तंत्रज्ञ निवृत्त झाले की त्यांच्या जागा भरल्या जात नाहीत. कोलारची जागा घेण्यासाठी तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात योजलेल्या न्यूट्रिनो वेधशाळेला मंत्रिमंडळाने २०१५ मध्ये मान्यता दिली, तिचा बोगदा अद्याप खणला गेलेला नाही. स्थानिकांचे पाण्याविषयीचे आणि डोंगराविषयीचे आक्षेप खरे होते, पण त्यांना धीराने आणि त्यांच्या भाषेत उत्तरे देण्याचे काम वेळेवर झाले नाही. दोडामार्ग आणि सत्तरी यांच्या सीमेवर, माकडे मरत नसतानाही दर हिवाळ्यात गोचिडी मोजणारे एक कायमस्वरूपी ठाणे असावे, त्याचा खर्च प्रकल्पात न धरता नियमित अंदाजपत्रकात धरावा, आणि त्याच्या नोंदवह्या व शीतकपाटे ठाण्यातील माणसे बदलली तरी हलवू नयेत.