शत्रु आला असतां

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमचा दौहित्र दादरहून गिरगांवांत आमच्याकडे राहावयास आला, तेव्हां त्याच्याबरोबर कपड्यांची एक पिशवी, एक संगणक आणि आमच्या कन्येची चिठ्ठी आली. चिठ्ठीचा मथितार्थ असा कीं, चिरंजीव रात्रंदिवस खेळांत गढलेले असतात. दहावीचें वर्ष तोंडावर आलें आहे. तरी हें यंत्र ठेवावें कीं विकून टाकावें ह्याचा निर्णय बाबांनींच द्यावा. यंत्र लॅमिंग्टन रोडवर जुनें म्हणून घेतलेलें होतें. तेथेंच तें परत विकतां आलें असतें. वर्गांत पस्तीस वर्षें न्यायदान केल्यामुळें आम्हांस ह्या कामगिरीचें कांहींच वाटलें नाहीं. निकाल आमच्या मनांत आधींच लिहिलेला होता. साक्षीपुरावा तेवढा ऐकावयाचा उरला होता.

पहिले तीन दिवस आम्हीं नुसतें पाहिलें. मुलगा खेळतो म्हणावें, तर त्याचा हातहि हलत नव्हता. पडद्यावर बर्फानें झांकलेले डोंगर, त्यांवर एका पक्ष्यासारख्या वाहनावर बसून अधांतरीं निश्चळ राहिलेला योद्धा, आणि अलीकडे आमचा नातू तसाच निश्चळ. चौथ्या दिवशीं आम्हीं विचारलें, “अरे, हा खेळ आहे कीं अनुष्ठान?”

“आजोबा, वाट बघतोंय,” तो म्हणाला.

मग हळूहळू उलगडा झाला. खेळाचें नांव ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. अमेरिकेंतील ब्लिझर्ड नांवाच्या कंपनीनें तो २००४ च्या नोव्हेंबरांत सुरू केला. देशोदेशींचे खेळाडू एकाच काल्पनिक जगांत एकाच वेळीं वावरत असतात. तेथील बहुतेक शत्रु मारले तरी थोड्या वेळानें पुन्हां उत्पन्न होतात. परंतु कांहीं फार दुर्मिळ आहेत. २००८ सालच्या आवृत्तींत असाच एक उडता व्याल आला. त्याच्या इंग्रजी नांवाचा अर्थ ‘काळांत हरवलेला’ असा आहे. वादळी शिखरांच्या प्रदेशांत तो केव्हां प्रकट होईल ह्याचा नेम नाहीं. कित्येक तासांच्या अनियमित अंतरानें येतो, आणि पुष्कळदां त्याच्या ऐवजीं विरागोसा नांवाची दुसरीच एक निळी व्याली येते. त्याला जो मारील त्याला तोच वाहन म्हणून मिळतो. एवढ्यासाठीं लोक रात्री जागवितात. आमच्या नातवाचे डोळे लाल कां, हें आम्हांस तेव्हां कळलें.

पांचव्या दिवशीं मात्र खेळ बंद करून तो कांहीं लिहीत बसला. ह्या खेळांत खेळाडूंस स्वतः रचलेलीं लहानमोठीं साधनें घालण्याची मुभा आहे. त्यांस ‘ॲडऑन’ म्हणतात. आम्ही शाळेच्या संवयीनें ‘पुरवणी’ म्हणूं लागलों, आणि तोहि तसेंच म्हणूं लागला. ठरलेल्या कप्प्यांत दोन कागद ठेवावयाचे: एकांत पुरवणीचें नांव, आवृत्ति आणि पुढें कोणता कागद वाचावा हें, दुसऱ्यांत प्रत्यक्ष कृति. व्याल दिसतांच घंटा वाजविणारी पुरवणी त्याला लिहावयाची होती.

आमची प्रथम समजूत अशी झाली कीं, ही पुरवणी त्या व्यालाच्या गुहेंत कोठें तरी डोकावून पाहत असावी. तसें नाहीं. कोणता प्राणी कोठें जन्मला हें कंपनीचें दूरदेशींचें मुख्य यंत्रच जाणतें, आणि खेळाडूच्या यंत्राला त्याच्या आसपासचें तेवढेंच कळवितें. पुरवणीला त्याहून अधिक कांहीं विचारतां येत नाहीं. म्हणजे घंटा भविष्य सांगत नाहीं. यंत्राला जें कळून चुकलें आहे, परंतु थकलेल्या डोळ्यांना दिसलेलें नाहीं, तेवढेंच ती ओरडून सांगते.

त्यानें पहिल्यानें लिहिलें तें असें होतें कीं, पडद्यावरील चित्र जितक्या वेळां बदलेल तितक्या वेळां पुरवणीनें विचारावें: आला का? आला का? चित्र एका सेकंदांत तीस-चाळीस वेळां बदलतें. इतक्या वेळां तोच प्रश्न विचारल्यावर यंत्र मंद झालें, ह्यांत नवल नाहीं. वर्गांत असा विद्यार्थी भेटला म्हणजे मास्तरहि मंद होतो. आम्हीं त्याला म्हटलें, “अरे, तूं विचारतोस कशाला? आल्यावर त्यानेंच सांगावें अशी कांहीं सोय नाहीं काय? संस्कृतांत हिला सति सप्तमी म्हणतात.” आणि त्याच्या वहीच्या मागील पानावर लिहून दाखविलें: शत्रौ आगते घण्टा नदेत्. शत्रु सप्तमींत, ‘आगत’ हें विशेषणहि सप्तमींत. अमुक घडलें असतां तमुक व्हावें. सप्तमीचा असाच शास्त्रीय उपयोग पाणिनीनें आपल्या सूत्रांत केला आहे: पुढें अमुक वर्ण आला असतां मागील वर्णाला अमुक कार्य होतें.

मुलानें डोळे मोठे केले. सोय होती! कोणत्याहि प्राण्याच्या डोक्यावर नांवाची पाटी झळकली कीं खेळ तशी घटना पुकारतो. पुरवणीनें त्या घटनेसाठीं आपलें नांव नोंदवून स्वस्थ बसावयाचें. सगळें मिळून पंधरा-वीस ओळी झाल्या.

त्या पंधरा-वीस ओळींनीं त्याच रात्रीं आमच्या चाळीची झोंप मोडली. परीक्षेसाठीं म्हणून त्यानें व्यालाच्या जागीं एका अगदीं साधारण श्वापदाचें नांव घातलें होतें आणि यंत्र तसेंच चालूं ठेवून तो निजला. दोन वाजतां घंटा सुरू झाली. श्वापद येई, जाई, पाटी झळके, मावळे. प्रत्येक वेळीं घंटा. शेजारच्या वहिनींना काकड आरतीचा भास होऊन त्या उठून बसल्या.

सकाळीं अपवादांचा विचार झाला. उत्सर्ग म्हणजे सामान्य नियम. त्याला अपवाद लावले नाहींत तर नियमच उपद्रवी ठरतो, हें व्याकरण शिकलेल्यांस निराळें सांगावयास नको. एकदां वाजल्यावर त्याच प्राण्यासाठीं पांच मिनिटें वाजूं नये, म्हणून मागील वेळ एका कोष्टकांत लिहून ठेवावी. प्रेत पडलेलें असेल तर वाजूं नये. नांवावरून ओळखूं नये, कारण जर्मन खेळाडूच्या पडद्यावर तेंच नांव जर्मन भाषेंत उमटतें. प्रत्येक जातीच्या प्राण्याला क्रमांक आहे, आणि ह्या व्यालाचा ३२४९१ हा क्रमांक सर्व भाषांत एकच. आमची एक सूचनाहि त्यानें मान्य केली. आम्हांस उजव्या कानानें कमी ऐकूं येतें. म्हणून घंटेबरोबर पडद्याच्या मध्यभागीं मोठीं तांबडीं अक्षरेंहि उमटावीं.

हें सारें ज्या भाषेंत लिहितात तिचें नांव ‘लुआ’. ब्राझील देशांत रिओ द जानेरो येथील कॅथॉलिक विश्वविद्यालयांत १९९३ सालीं तिघांनीं मिळून ती रचली. लुआ म्हणजे पोर्तुगीज भाषेंत चंद्र. तिच्या आधीं त्यांनीं ‘सोल’ नांवाची एक भाषा केली होती. सोल म्हणजे सूर्य. बटाटा, पगार, चावी आणि पाव हे शब्द आम्हांस ज्या भाषेनें दिले, तिचा चंद्र पुन्हां मुंबईंत उगवलेला पाहून आम्हांस गंमत वाटली.

एके सायंकाळीं नातू वाण्याकडे नारळ आणावयास गेला असतां घंटा वाजली. तांबडीं अक्षरें उमटलीं. पिंवळट रंगाचा तो व्याल खरोखरच पंख हलवीत समोरून चालला होता! आम्ही गॅलरींत धांवलों, “अरे, आला!” म्हणून ओरडलों, परंतु तो नारळासह तीन जिने चढून येईपर्यंत कोणा परक्या खेळाडूनें कार्यभाग उरकला होता. कोणती कळ दाबावयाची हें आम्हांस ठाऊक नव्हतें.

आम्ही चिडून म्हणालों, “तुझ्या घंटेनें स्वतःच वार कां करूं नये?”

“तें चालत नाहीं, आजोबा,” तो म्हणाला, आणि ह्या राज्याचा कायदा त्यानें आम्हांस सांगितला. पुरवणीनें सांगावें, करूं नये. वार करावयाचा तो मनुष्याच्या बोटानेंच. आरंभीं कांहीं पुरवण्या रोग्याची निवड करून त्यावर मंत्रहि आपणच योजीत. २००६ च्या डिसेंबरांत कंपनीनें तें बंद केलें. ‘ग्लायडर’ नांवाचें एक साधन तर धनी निजला असतां त्याच्या वतीनें सगळा खेळ खेळे. तें पुरवणी नव्हतें, बाहेरून लावावयाचें होतें. तें प्रकरण अमेरिकन न्यायालयांत गेलें आणि २००९ सालीं तें साधन बंद पडलें. त्याच वर्षीं असाहि नियम झाला कीं, पुरवणीचे पैसे घेऊं नयेत आणि तिची संहिता सर्वांस वाचतां यावी. सांगण्यालाहि मर्यादा असावी असें कंपनीस अलीकडे वाटूं लागलें, आणि २०२५ सालीं, ‘मिडनाइट’ ह्या आवृत्तीपासून लढाईंतील पुष्कळशी माहिती पुरवण्यांस वापरूं देणार नाहीं असें तिनें जाहीर केलें. मुलगा हें सांगत असतां त्याच्या स्वरांत तक्रार नव्हती. व्याल हातचा गेला होता, तरी तो नियमाच्या बाजूनें बोलत होता. आमच्या मनांतील लिहिलेला निकाल त्या क्षणीं पुसला गेला.

कन्येस आम्हीं कळविलें कीं, यंत्र विकूं नये. मात्र आमचा एक आक्षेपहि कळविला. घंटा झाल्यापासून तो पडद्याकडे टक लावून बसत नाहीं, शेजारींच बीजगणित सोडवितो, हें खरें. परंतु त्याचा एक कान घंटेकडे असतो, आणि एक्या कानानें बीजगणित होत नाहीं. डोळे सुटले, कान अडकले. म्हणून घंटा सायंकाळीं पांच ते सातच चालूं ठेवावी. एरवीं यंत्र बंद. नातवानें अर्धा तास अधिक मागितला. आम्हीं दिला नाहीं.

जाण्यापूर्वीं त्यानें पुरवणी सर्वांसाठीं खुली केली आणि तिच्या डोक्यावर, दोन आडव्या रेघांपुढें, आमचें संस्कृत वाक्य घातलें. अशा रेघांपुढील मजकूर यंत्र वाचीत नाहीं. तो वाचणाऱ्या माणसांसाठीं असतो. आम्हीं चष्मा लावून पाहिलें तों संधि केलेला नव्हता. लगेच ‘शत्रावागते’ असें करावयास लाविलें. दुसऱ्या दिवशीं पाहतों तों पदें पुन्हां सुटीं!

“वाचणारे परदेशचे असतील, आजोबा,” तो म्हणाला, “त्यांना सुटींच दिसूंद्या.”