आयडी बंद करताना

उरणच्या क्लिअरिंग ऑफिसात कुणी राजीनामा टाकला की आधी चर्चा होते पगाराची, मग सेंड-ऑफच्या पार्टीची. माझं काम त्यानंतरचं: त्याचे आयडी बंद करणं. न्हावा-शेवा बंदराच्या धंद्यात माणसं सारखी हलतात. आज क्लिअरिंगला, उद्या सीएफएसला (कंटेनर यार्डात), परवा शिपिंग लाइनकडे. माणूस जातो, पण त्याचे आयडी जुन्या ऑफिसात चालूच राहतात.

कस्टम्सचं जी कार्ड जमा झालं, डिजिटल सहीचं टोकन हातात आलं, मेल बंद झाला, ही दिसणारी कामं. खरी मेख असते मोबाइल नंबरात. कधीतरी घाईत कुठल्याशा पोर्टलला त्याने स्वतःचा नंबर दिलेला असतो आणि ओटीपी आजही तिथेच जातो. म्हणून मी जाणाऱ्याला शेजारी बसवतो. कस्टम्सचं आइसगेट, टर्मिनलचं फॉर्म १३, सीएफएसची पोर्टलं, एकेक उघडायला लावतो. नंबर बदलून ओटीपी ऑफिसच्या फोनवर आल्याशिवाय पुढे सरकत नाही.

‘‘दादा, माझ्यावर विश्वास नाय का?’’ एकाने वैतागून विचारलं. विश्वासाचा प्रश्नच नव्हता. उद्या त्याच्या नावाने कुणी बिल ऑफ एंट्रीत फेरफार केला, तर जाब त्यालाच विचारला जाणार होता.

आयडी बंद करायचा, पुसायचा मात्र नाही. त्याने केलेल्या नोंदींवर त्याचंच नाव राहिलं पाहिजे. कस्टम्सची विचारणा काही वर्षांनीही येते. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये १ एप्रिल २०२३ पासून एडिट लॉग सक्तीचा आहे. कोणी, कधी, काय बदललं ते त्यात उमटतं. पण चौघे मिळून एकच ‘अ‍ॅडमिन’ वापरत असतील, तर तो लॉग काय कपाळ सांगणार?

गरजेपेक्षा जास्त अधिकार किती महागात पडतात, ते आमच्या बंदराने पाहिलंय. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या व्हायरसने मर्स्क या शिपिंग समूहाचं इथल्या जेएनपीटीतलं जीटीआय टर्मिनल ठप्प केलं होतं. हा व्हायरस एका कॉम्प्युटरच्या मेमरीतून पासवर्ड उचलून पुढच्यात शिरायचा. ज्या खात्याला जास्त अधिकार, त्याच्या जोरावर तो जास्त लांब जायचा. मर्स्कच्या यूजर खात्यांची नोंद सांभाळणारे जगभरातले सर्व्हर गेले. घानातल्या ऑफिसची वीज त्या वेळी गेलेली होती, म्हणून तिथली एक प्रत शाबूत राहिली आणि तिच्यावरून सगळं पुन्हा उभं करता आलं. मर्स्कने पुढे जाहीर केलं की दहा दिवसांत ४५ हजार कॉम्प्युटर नव्याने बसवावे लागले.

म्हणून नवीन माणूस रुजू होताना ‘आधीच्याला होतं तेच दे’ असं कुणी सांगितलं तरी मी देत नाही. आधीचा माणूस वर्षानुवर्षं अडल्या-नडल्याला मदत करत गेट पासपासून बँकेपर्यंत पोचलेला असतो, आणि काम संपल्यावर त्याचा एकही अधिकार कुणी काढून घेतलेला नसतो. नव्या मुलीला सध्या शिपिंग बिलं भरायची आहेत. तिला तेवढंच उघडून दिलंय. बाकीचं काम अंगावर येईल तसं, मालकांच्या लेखी मंजुरीने.