ताप उतरला, तरी घोडा शर्यतीत का उतरू शकत नाही?

घोडा ठणठणीत झालाय, चारा खातोय, पळायलाही तयार आहे. तरी पशुवैद्य सांगतात, इतक्यात शर्यत नको. कारण? आठवड्यापूर्वी संपलेला पेनिसिलिनचा कोर्स. आता अँटिबायोटिक घेऊन घोडा काही जोरात धावत नाही. मग अडचण काय?

अडचण पेनिसिलिनची नाहीच, त्याच्या जोडीदाराची आहे.

साधं पेनिसिलिन शिरेतून दिलं, तर घोड्याची मूत्रपिंडं ते झपाट्याने लघवीवाटे बाहेर टाकतात. रक्तातलं प्रमाण तासाभराच्या आतच निम्म्यावर येतं. म्हणून साधारण दर 6 तासांनी डोस लागतो. रात्री 2 वाजता तबेल्यात कोण जाणार? त्यावरचा तोडगा म्हणजे पेनिसिलिनला प्रोकेन जोडणं. हे मिश्रण पाण्यात फारसं विरघळत नाही. दुधासारखं पांढरं इंजेक्शन स्नायूत टोचलं की तिथे साठा होतो आणि औषध झिरपणाऱ्या माठासारखं थोडं थोडं रक्तात येत राहतं. मूत्रपिंडांचा वेग तोच, पण पुरवठाच संथ. त्यामुळे दिवसातून दोन डोस पुरतात. टोचायची जागाही महत्त्वाची असते. मानेच्या स्नायूतून औषध पुठ्ठ्यापेक्षा चांगलं शोषलं जातं.

पण प्रोकेन हे मुळात बधिर करणारं औषध. सुई चुकून रक्तवाहिनीत गेली तर ते एकदम मेंदूत पोहोचतं. घोडा काही सेकंदांत बिथरतो, भिंतींवर आदळतो, कोसळतो. काही घोडे दगावतातही. अनेकदा याला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी समजलं जातं. म्हणूनच टोचल्यावर दट्ट्या मागे ओढून सिरिंजमध्ये रक्त येत नाही ना, हे आधी पाहतात. ही दोन सेकंदांची सवय कंटाळा करण्यासारखी नाही.

आता शर्यतीचं. प्रोकेनने दुखरा पाय बधिर करून लंगडा घोडा पळवता येतो, म्हणून शर्यतीत त्यावर बंदी आहे. पेनिसिलिनचं काम संपलं तरी लघवीत प्रोकेन कित्येक दिवस, कधी दोन आठवड्यांहून जास्त काळ सापडतं. ते औषधातून आलं की पाय बधिर करायला टोचलं होतं, हे नुसत्या लघवीच्या अहवालावरून सांगणं अवघड. मालकाचा हेतू स्वच्छ असला तरी घोडा बाद होऊ शकतो.

शर्यत तोंडावर असेल तर पशुवैद्य प्रोकेन नसलेलं सोडियम किंवा पोटॅशियम पेनिसिलिन निवडू शकतात. मात्र मग मानेच्या शिरेत नळी बसवून दिवसाला चार डोस द्यावे लागतात.