नसणं कारण होऊ शकतं का? सल्फेट उसवणाऱ्या विकरांच्या निमित्ताने

मागच्या व्याख्यानात आपण कार्यकारणभाव बघितला आणि शेवटी एक प्रश्न राहिला होता. जी गोष्ट नाहीच, ती कशाचं कारण कशी होईल? मडकं मातीपासून होतं हे ठीक. पण ‘पाऊस पडला नाही म्हणून पीक गेलं’ असं आपण सहज म्हणतो, तेव्हा न पडलेल्या पावसाने नेमकं काय केलं? आज या प्रश्नाकडे शरीराच्या एका कोपऱ्यातून जाऊ. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, त्यामुळे रसायनशास्त्र लागेल तेवढंच. पण जेवढं लागेल तेवढं नीट समजून घेऊ, कारण ते कळल्याशिवाय पुढचा विचार हवेत राहील.

आधी गाठ समजून घेऊ. गंधकाचा एक अणू आणि त्याभोवती ऑक्सिजनचे चार, हा झाला सल्फेट. यातला एक ऑक्सिजन एखाद्या साखरेच्या किंवा चरबीच्या कार्बनला जोडला गेला, की त्या जोडणीला सल्फेट एस्टर म्हणतात. आपलं शरीर हे टाके सारखं घालत असतं. कूर्चेतल्या लांबलचक साखर-साखळ्यांवर सल्फेट असतात. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे कूर्चा पाणी धरून ठेवते आणि गुडघा दाब सहन करतो. मज्जातंतूंभोवती जे आवरण असतं, मायलिन, त्यात सल्फटाइड नावाचा सल्फेट जोडलेला मेद असतो. काही संप्रेरकंसुद्धा सल्फेट लावून रक्तात राखून ठेवली जातात आणि लागतील तेव्हा मोकळी केली जातात.

आता जे घातलं ते कधीतरी काढावंही लागतं. नुसत्या पाण्यात ही जोडणी आपणहून इतक्या संथपणे सुटते की माणसाचं आयुष्य तिथं हिशेबातच येत नाही. म्हणून ती तोडणारी खास प्रथिनं असतात. विकरं म्हणा, एन्झाइम म्हणा. या कुळाचं नाव सल्फटेज. माणसाच्या जनुकसंचात अशा विकरांची १७ जनुकं आहेत. समुद्रातल्या ‘रोडोपिरेल्युला बाल्टिका’ नावाच्या एका जीवाणूचा जनुकसंच २००३ साली प्रसिद्ध झाला, त्यात ११० सापडली! समुद्री शेवाळांच्या साखरा सल्फेटने भरलेल्या असतात. सल्फेट काढल्याशिवाय ती साखर खाता येत नाही. त्या जीवाणूचं पोट या उसवण्यावर चालतं, आपलं घर त्यावर चालतं. एवढाच फरक.

घर म्हटलं, कारण आपली बरीच सल्फटेज विकरं पेशीतल्या लयकारिकेत, म्हणजे लायसोसोममध्ये काम करतात. क्रिश्चन द दूव या बेल्जियन शास्त्रज्ञाने १९५५ साली या पिशव्यांना हे नाव दिलं. पेशीची मोडतोड इथं चालते. मोडतोड हा शब्द आपण वाईट अर्थाने वापरतो, पण जुना लोकरीचा स्वेटर आठवा. मूल मोठं झालं की आई तो उसवून त्याच लोकरीचा नवा विणायची. उसवायचं कसं? टोकापासून. मधूनच सुरुवात करता येत नाही. आणि वाटेत एक गाठ अडली, तर पुढचं सगळं विणकाम तसंच राहतं, भले ते कितीही सोपं असो.

आपल्या साखर-साखळ्यांचं अगदी असंच आहे. हेपॅरन सल्फेट नावाची साखळी टोकापासून एकेक पायरीने उसवली जाते. एक विकर टोकाचा सल्फेट काढतं, मग दुसरं ती मोकळी झालेली साखर तोडतं, मग पुढची पायरी. यातलं एकच विकर नसलं, तर पुढची सगळी हजर असूनही हात बांधून बसतात. साखळी साचत जाते, पेशी फुगत जाते.

हे साचणं कसं दिसतं? १९१७ साली चार्ल्स हंटर या कॅनडातल्या डॉक्टरांनी दोन भावांचं वर्णन केलं. चेहऱ्याची ठेवण जाड, सांधे ताठ, यकृत आणि प्लीहा वाढलेली. दोन वर्षांनी, १९१९ मध्ये, गर्ट्रूड हुर्लर या जर्मन बालरोगतज्ज्ञ बाईंनी बरीचशी तशीच दिसणारी मुलं नोंदवली. मग हा आजार एक की दोन? डॉक्टरांना काही फरक दिसत होते. हुर्लरच्या मुलांचे डोळे धुरकट होत, हंटरच्या मुलांचे नाही. हंटरचा आजार जवळजवळ फक्त मुलग्यांना होई. पण साचत होतं ते दोघांत सारखंच.

इथं आपल्या न्यायशास्त्राकडे वळू. ‘भूतलावर घट नाही’ हे नैयायिकांचं आवडतं वाक्य. प्राभाकर मीमांसक म्हणायचे, तिथं नुसतं भूतल आहे, ‘नसणं’ नावाची वेगळी वस्तू मानायची काही गरज नाही. नैयायिक म्हणाले, गरज आहे. अभाव हा स्वतंत्र पदार्थ आहे. पण त्यांनी एक अट घातली, आणि ती फार महत्त्वाची आहे. अभाव नुसता नसतो, तो कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव, तो त्याचा प्रतियोगी. घटाभाव आणि पटाभाव दोन्ही एकाच रिकाम्या जमिनीवर असतील, डोळ्यांना जमीन सारखीच दिसेल, तरी ते दोन वेगळे अभाव आहेत. कारण घट आणून ठेवला तर पहिला संपतो, दुसरा संपत नाही.

हे शब्दांचे खेळ वाटतात ना? (हशा) मग १९६८ सालचा प्रयोग ऐका. अमेरिकेत बेथेस्डा इथं एलिझाबेथ न्यूफेल्ड आणि त्यांचे सहकारी या मुलांच्या त्वचेतल्या पेशी काचेच्या बशीत वाढवत होते. किरणोत्सारी सल्फेट देऊन साखळ्या किती साचतात ते मोजत होते. निरोगी पेशींत साठा एका पातळीवर येऊन थांबे, या पेशींत वाढतच जाई. मग हंटरच्या आणि हुर्लरच्या पेशी एकत्र वाढवल्या. दोन्ही आजारी. आणि झालं काय, तर दोन्ही सुधारल्या. एकीने द्रवात सोडलेलं काहीतरी दुसरीने घेतलं आणि दुसरीचं पहिलीने. हंटरच्या पेशी हंटरच्याच दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत मिसळल्या, तर मात्र काहीच सुधारणा नाही.

बघा, हा प्रतियोगीचाच निकष आहे. साचलेला ढीग सारखा, पण काय आणून दिल्यावर ढीग हटतो ते वेगळं. म्हणून अभाव दोन. पुढे १९७३ मध्ये हंटरच्या आजारात जे नसतं ते इड्युरोनेट-२-सल्फटेज आहे हे स्पष्ट झालं. ते टोकाच्या इड्युरोनिक आम्लावरचा सल्फेट काढतं. आणि ते आम्ल साखळीतून तोडणारं पुढच्याच पायरीचं विकर हुर्लरच्या आजारात नसतं. शेजारशेजारच्या दोन पायऱ्या! म्हणून तर लक्षणं इतकी सारखी.

एका बाबतीत मात्र नैयायिकांच्या चौकटीत आपल्याला भर घालावी लागते. तोच ‘सल्फटेज नाही’ हा प्रकार शरीरात कुठं आहे, यावर परिणाम ठरतो. स्टेरॉइड सल्फटेज नसेल, तर त्वचेत कोलेस्टेरॉल सल्फेट साचतं, मृत पेशी वेळेवर सुटत नाहीत आणि अंगावर खवल्यांसारखी कोरडी त्वचा राहते. त्रास आहे, पण माणूस पुरं आयुष्य जगतो. आरिलसल्फटेज-ए नसेल, तर मायलिनमधलं सल्फटाइड साचतं. मग दीड-दोन वर्षांचं, नुकतं चालायला लागलेलं मूल अडखळायला लागतं आणि शिकलेलं एकेक विसरत जातं. एकाच कुळातली दोन विकरं, अभावाचा आकार सारखा, किंमत किती वेगळी.

आता याहून अवघड प्रसंग. १९६०च्या दशकात असे काही रुग्ण पुढे आले की ज्यांच्यात एक नव्हे, अनेक सल्फटेज एकदम निकामी होती. त्यांची जनुकं तर वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत. सगळी एकाच मुलात कशी बिघडतील? उत्तर १९९५ साली जर्मनीत ग्यॉटिंगेन इथं कुर्ट फॉन फिगुरा यांच्या गटाला मिळालं. सल्फटेजच्या गाभ्यात सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल असतं. प्रथिन तयार होत असतानाच पेशी त्यातलं गंधक काढून टाकते आणि तिथं अल्डिहाइड तयार करते. त्या बदललेल्या अमिनो आम्लाचं नाव फॉर्मिलग्लायसिन. गंधकाची गाठ सोडवायची, तर आधी स्वतःचं गंधक सोडावं लागतं!

याचा उपयोग काय? हे अल्डिहाइड पाण्याचा एक रेणू घेतं आणि त्याला जणू दोन हात फुटतात. एक हात सल्फेटला पकडून त्याला साखरेपासून सोडवतो. दुसरा हात मग तो पकडलेला सल्फेट झटकून टाकतो, आणि विकर पुढच्या कामाला मोकळं. संशोधकांनी मुद्दाम एकच हात असलेलं विकर तयार करून पाहिलं. त्याने सल्फेट पकडला खरा, पण सोडता येईना. विकर अडकून बसलं.

हा बदल घडवून आणणारं एक वेगळं विकर आहे. त्याचं जनुक २००३ साली ग्यॉटिंगेनच्या आणि इटलीत नेपल्सच्या अशा दोन गटांनी शोधलं. ते बिघडलं की सतराच्या सतरा विकरांना फटका बसतो. म्हणजे प्रथिनं तयार होतात, पण कामाची नसतात. मग इथं विकर ‘आहे’ म्हणायचं की ‘नाही’? नैयायिकांकडे याला जागा होती. ‘दंडधारी पुरुष इथं नाही’ हे वाक्य दोन प्रकारे खरं ठरतं. पुरुषच नसेल तर, किंवा पुरुष आहे पण हातात दंड नाही तर. दुसऱ्याला म्हणतात विशेषणाच्या अभावामुळे झालेला विशिष्टाचा अभाव. या मुलांमध्ये पुरुष आहे, दंड नाही.

मग मूळ प्रश्नाचं काय? माझं म्हणणं असं. अभाव कारण होतो, पण तो काही ‘करत’ नाही. जिथं काम चालू आहे, साखळ्या रोज बनताहेत, रोज उसवायच्या आहेत, तिथंच एखाद्या गोष्टीचं नसणं कारण ठरतं. काम थांबलं नाही, काम करणारा नाही, त्यातून ढीग होतो. खडकात सल्फटेज नाही, म्हणून खडक काही आजारी पडत नाही.

आता वेळ प्रश्नांना देतो.

(श्रोत्यांमधून प्रश्न: सर, आमच्या नात्यात असं एक मूल आहे. घरातले म्हणतात, आईकडून आलं. हे कितपत खरं?)

ताई, प्रश्न विचारलात हे बरं केलंत. हंटरच्या आजाराचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. मुलग्याला एक्स आईकडूनच मिळतं. त्यामुळे जनुक आईकडून आलेलं असू शकतं, आणि कधी कधी ते नव्याने बदललेलंही असतं, आईत नसतंच. आई वाहक असेल तर प्रत्येक मुलग्याच्या बाबतीत शक्यता निम्मी. आरिलसल्फटेज-ए च्या आजारात तर आई आणि वडील दोघंही वाहक असतात आणि प्रत्येक गरोदरपणात शक्यता चारात एक. पण ही झाली कारणाची गोष्ट. दोष ही वेगळी गोष्ट आहे. दोष तिथं येतो, जिथं माणसाला माहीत होतं आणि वेगळं वागणं त्याच्या हातात होतं. आपल्या पेशीत कुठलं जनुक बसलंय हे त्या आईने ठरवलेलं नाही. ‘आईकडून आलं’ हे वाक्य जीवशास्त्रात खरं असेल, पण घरात ते ‘आईमुळे झालं’ या अर्थाने म्हटलं जातं, आणि तिथं ते खोटं आहे. त्या कुटुंबाने जनुकीय समुपदेशन मात्र जरूर घ्यावं. पुढच्या गरोदरपणाआधी पुष्कळ गोष्टी कळू शकतात.

(प्रश्न: तपासणीत विकर कमी आलं, म्हणजे आजार नक्की का?)

नाही. आरिलसल्फटेज-ए कमी असूनही ठणठणीत असलेली माणसं पुष्कळ आहेत. जे थोडं आहे ते रोजच्या कामाला पुरतं. म्हणून डॉक्टर लघवीतलं सल्फटाइड आणि जनुकही तपासतात. ‘कमी’ आणि ‘नाही’ यांतला फरक तर्कात जेवढा महत्त्वाचा, तेवढाच घरातल्या रात्रीच्या झोपेसाठीही.

(प्रश्न: उपचार आहेत का?)

काहींवर आहेत. न्यूफेल्ड यांच्या बशीत दिसलेलंच तत्त्व आहे. बाहेरून दिलेलं विकर पेशी आत घेते. हंटरच्या आजारासाठी असं विकर २००६ पासून आहे, ते दर आठवड्याला शिरेतून द्यावं लागतं. मात्र रक्तातून ते मेंदूत नीट पोचत नाही. आरिलसल्फटेज-ए च्या आजारावर जनुकोपचाराला युरोपात २०२० मध्ये मान्यता मिळाली, पण तो लक्षणं सुरू होण्याआधी किंवा अगदी सुरुवातीला दिला तरच खरा उपयोग. आणि किंमत प्रचंड. आपल्याकडे दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण २०२१ मध्ये आलं. धोरणात बसणाऱ्या आजारांसाठी ठरावीक केंद्रांत, मुंबईचं केईएम त्यांपैकी एक, ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद २०२२ पासून आहे. रक्कम मोठी वाटते. पण दर आठवड्याचं, आयुष्यभराचं औषध, आणि मुलाचं वजन वाढेल तशी मात्राही वाढणार, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. मदत न मिळणं हाही एक अभावच, आणि तो मात्र माणसांच्या हातातला आहे. तिथं दोषाचा प्रश्न विचारता येतो.

पुढच्या वेळी याच धाग्यावरून ‘न करणं’ ही कृती असते का, ते बघू. इथं थांबतो.