रुसव्यासाठी युद्ध

सत्यभामेच्या अंगणात पारिजातक आणि फुलांचा सडा मात्र रुक्मिणीच्या दारी, ही गोष्ट ठाऊक नाही असे मराठी घर विरळाच! पण या पारिजातकाचे एक मूळ आपल्या वाशीमच्या मातीत आहे, हे कितीजणांना माहीत असेल?

वाशीम म्हटले की आपल्याला बालाजीचे देऊळ आठवते, पद्मतीर्थ आठवते. अकोल्यातून वेगळा निघून १९९८ साली वाशीम जिल्हा झाला, हेही आठवते. परंतु सोळाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी हे गाव ‘वत्सगुल्म’ नावाने वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते. या शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन. पहिल्या प्रवरसेनाचा हा मुलगा. राज्य तर त्याने केलेच, पण प्राकृतात, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या बोलीत, ‘हरिविजय’ नावाचे महाकाव्यही रचले.

माझी कॉलेजात जाणारी भाची इंग्रजी कादंबऱ्यांची मोठी भोक्ती. थोडी जादू, मोठे युद्ध, शत्रूच्या गोटातला नायक आणि आधी वैर मग प्रीती, असा त्यांचा थाट. “मामा, आपल्याकडे असे काही नाहीच,” असे ती एकदा म्हणाली. मी म्हटले, “अगं, रुक्मिणी विदर्भाचीच ना? तिचा भाऊ रुक्मी कृष्णाचा हाडवैरी. ज्याच्याशी भाऊ लढला, त्याच्याच रथात ती आपल्या पायाने चढली!”

सर्वसेनाची खरी गंमत तर पुढेच आहे. विदर्भाचा राजा असून त्याने आपल्या माहेरवाशिणीचे गुणगान करायचे सोडून तिच्या सवतीच्या रुसव्यात जीव ओतला. स्वर्गातले फूल रुक्मिणीला मिळाले, म्हणून सत्यभामा रुसली. तिची समजूत काढण्यासाठी कृष्ण थेट इंद्राशी भिडला आणि झाडच घेऊन आला. ‘ध्वन्यालोक’ लिहिणाऱ्या आनंदवर्धनाने नवव्या शतकात सांगितले की, जुन्या कथेतला भाग रसाला मारक असेल तर कवीने तो बदलावा. आणि उदाहरण म्हणून कालिदासाच्या जोडीला सर्वसेनाचे ‘हरिविजय’ दिले. त्यावर अभिनवगुप्ताने खुलासा केला तो असा: पारिजात आणणे हा प्रियेच्या मनधरणीचाच भाग करणे, ही या कवीची स्वतःची योजना, ती जुन्या इतिहासग्रंथांत नाही.

पाहा, ज्याच्या पदरी सैन्य होते, त्या राजाने युद्धाला दुय्यम केले आणि रुसलेल्या बायकोला मुख्य! पराक्रम मोठा खरा; पण तो कुणासाठी, हे त्याने आधी विचारले.

आणि आता मनाला चटका लावणारी गोष्ट. हे काव्य आज नाही. एकही संपूर्ण पोथी हाती लागलेली नाही. भोज, हेमचंद्र यांच्यासारख्या रसिक पंडितांनी आपापल्या ग्रंथांत उदाहरणादाखल घेतलेल्या गाथा तेवढ्या उरल्या. प्रत्यक्ष कवीचे नावही पुसले जात होते. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातल्या झिजलेल्या शिलालेखात ते होते, पण पूर्वीच्या विद्वानांनी ते चुकीचे वाचले. १९३९ साली वाशीमलाच सर्वसेनाच्या मुलाचा, दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडात आला आणि बापाचे नाव निर्विवाद ठरले. त्या ताम्रपटात वंशावळ संस्कृतात आहे आणि पुढचा व्यवहाराचा मजकूर प्राकृतात. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी वाकाटकांच्या इतिहासाचे असे धागे जुळवून दाखवले.

राजधानी गेली, सैन्य गेले, पोथीही गेली. उरले काय? तर रुसव्याच्या आणि मनधरणीच्या काही गाथा. त्या कुणी हुकमाने जपल्या नाहीत. कुणाला तरी आवडल्या, त्याने त्या उतरून घेतल्या, म्हणून वाचल्या. पुस्तके अशीच जगतात आणि कुणी उतरून घेतली नाहीत, तर अशीच मरतात. आपल्या मुलांनी परक्या देशांच्या अद्भुत कथा जरूर वाचाव्यात. पण पारिजातकाची फुले वेचताना त्यांना एवढे अवश्य सांगावे, की या झाडासाठी स्वर्गावर स्वारी करणाऱ्या कृष्णाची कथा वाशीमच्या एका राजाने लिहिली होती आणि त्याच्या लेखी जिंकण्याची खरी जागा रणांगण नव्हे, रुसलेले मन होती.